रात्रीचा भात आणि काकी



गेल्या महिन्यात धाकट्या दिरांच्या सुनेचा फोन आला. लग्न होऊन जेमतेम आठ महिने झालेत तिला. इंजिनिअर आहे, घरून काम करते, आणि आमच्या जुन्या वाड्यात राहायला आपणहून तयार झालेली या पिढीतली ती एकटीच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "मोठ्या आई, तुम्ही वाड्यात बावीस वर्षं राहिलात ना? रात्री दोन वाजता भात शिजल्याचा वास कधी आला होता का हो?"

मी म्हटलं, "आला होता. घनसाळ तांदळाचा."

पलीकडे ती एकदम गप्प झाली आणि मग रडायलाच लागली.

बाहेरच्या कुणाला वाटेल, भाताच्या वासाला काय घाबरायचं? तुम्हांला सांगायला नको. ज्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, भांडी घासून पालथी पडतात, नंतर पाणीसुद्धा घेणारं कुणी नसतं, त्या घरात मध्यरात्री ताज्या भाताचा वास दरवळला की अंगावर काटा येतोच. शेजाऱ्यांकडून येतो म्हणावं तर वाड्याला चारी बाजूंनी परडं, आणि जवळची घरंही आपल्याच लोकांची.

पण पोरीचं रडणं वासासाठी नव्हतं. वास यायला लागला तो तिच्या लग्नानंतर. त्याच सुमारास पोटमाळ्यावर कुणी चालल्यासारखं वाजायला लागलं, गाभण म्हैस दगावली, दिरांचं ब्लडप्रेशर वाढलं. सुट्या सुट्या गोष्टी एका दोऱ्यात ओवणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच. "ही आल्यापासून" असं सुरू झालं. आधी मागून, मग तोंडावर. पुढं कुणीतरी एक 'जाणकार' घरी आणला. त्यानं नारळ फिरवून सांगितलं, या वाड्यातल्या एका जुन्या बाईची वासना राहिली आहे आणि ती नव्या सुनेच्या वाटेनं येते. येत्या अमावास्येला सुनेला पुढ्यात बसवून विधी करायचा. आगाऊ अकरा हजार.

"मला सगळे विचारतात, तुला काही दिसतं का, अंग जड होतं का," ती सांगत होती. "नाही म्हटलं तर म्हणतात, तिला कळत नसेल."

हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी शब्दशः ऐकलंय. म्हणून आज लिहायला बसले.

आमचा वाडा शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, पुढं सोपा, मग माजघर, त्याच्या पोटात एक अंधारी खोली, मागं स्वयंपाकघर, परड्यात आड. सागवानी तुळया, वर पोटमाळा आणि कौलं. १९८२ साली मी लग्न होऊन आले. पहिल्याच आठवड्यात जावेनं अंधारी खोली दाखवून सांगितलं, इथं काकी गेल्या. काकी म्हणजे माझ्या मामंजींच्या धाकट्या भावाची बायको. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या, मूलबाळ नाही, पुढची सगळी वर्षं याच वाड्यात काढली आणि माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी वारल्या. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. पण घरात काही वाजलं, हललं, सांडलं की नाव त्यांचं.

रात्री भाताचा वास आला की सासूबाई अंथरुणात उठून बसायच्या आणि पुटपुटायच्या, "भूक लागली असेल तिला." दर अमावास्येला आडाजवळ एका पत्रावळीवर भात ठेवून यायच्या. आपल्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याला घास नाही. मला नवल वाटायचं. घरात इतकं धर्माचं चालतं, सासूबाई स्वतः अष्टमी-चतुर्दशीचे उपवास करतात आणि हे कसं? विचारायची सोय नव्हती.

१९८५ मध्ये माझं दुसरं बाळंतपण सासरीच झालं. माहेरी आई आजारी होती. दवाखान्यातून घरी आणून मला त्याच अंधाऱ्या खोलीत ठेवलं. एकच झरोका, तोही वारा लागू नये म्हणून पोत्यानं बंद केलेला. खाली कोळशाची शेगडी, शेकायला आणि धुरी द्यायला. डिसेंबरची थंडी, त्यामुळं शेगडी रात्रभर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझं डोकं ठणकायला लागलं. मळमळायचं. पहाटे छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, हात उचलावा तर उचलत नसे. आणि पायथ्याशी एक बाई बसलेली दिसायची. पदर डोक्यावर घेतलेली, तोंड नसलेली. मी आजही शपथेवर सांगेन की ती मला दिसत होती.

मी सासूबाईंना सांगितलं, हीच माझी चूक झाली. देवरशी आला. तो म्हणाला, काकीला मूल नव्हतं म्हणून तिनं बाळंतिणीला धरलंय, बाळाला हिच्याजवळ निजवू नका. मी म्हणत होते की मला फक्त डोकेदुखी आहे. तर "तिला कळत नाही." सहा रात्री माझी लेक माझ्यापासून लांब ठेवली. रात्री तिला गाईचं दूध पाण्यात घालून पाजत. माझं दूध कमी होत गेलं आणि मग आटलंच. त्या सहा रात्रींत पोरीचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

सातव्या दिवशी आरोग्य केंद्रातली सिस्टर टाके बघायला आली. खोलीत पाय टाकल्याबरोबर खोकली, शेगडी स्वतः उचलून सोप्यात नेऊन ठेवली, झरोक्याचं पोतं ओढून काढलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आक्का, हिला मारायचं आहे काय?" त्या रात्री मी शांत झोपले. दोन दिवसांत डोकं उतरलं. पायथ्याची बाई पुन्हा आली नाही.

घरात मात्र हे देवरशाच्या अंगाऱ्यामुळं झालं असंच ठरलं.

बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून शरीराला, मेंदूला प्राणवायू कमी पडतो. डोकं दुखणं, मळमळ, छातीवर दडपण, भास, हे सगळं त्यातच येतं. पुष्कळ वर्षांनी मुलानं मला एक जुनी हकिगत वाचून दाखवली. विल्यम विल्मर नावाच्या अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं १९२१ साली ती वैद्यकीय मासिकात छापली होती. एक कुटुंब मोठ्या जुन्या घरात राहायला गेलं. तिथं पावलं वाजायला लागली, माणसं दिसायला लागली, मुलं कोमेजली, कुंडीतली झाडंसुद्धा वाळली. शेवटी सापडलं काय, तर घर तापवायची भट्टी बिघडलेली होती आणि तिचा धूर घरातच पसरत होता. ते ऐकताना मला रडू आलं. आपल्या किती बाळंतिणींना 'धरलं' असेल त्या शेगडीनं! आणि आता शेगड्या गेल्या म्हणून निर्धास्त राहू नका. बिनखिडकीच्या न्हाणीघरात गॅस गिझर लावला असेल तर तोही तेच करतो, आणि तो नुसते भास दाखवून थांबत नाही.

मी कॉमर्सची. बी. कॉम. झाल्यावर वर्षभरातच लग्न झालं, त्यामुळं शिकलेलं बहुतेक दुधाच्या आणि किराण्याच्या हिशेबातच वापरलं. पण एक गोष्ट मनात पक्की बसली. तेरीज जुळली नाही, दोन्ही बाजूंत फरक राहिला, तर तो फरक तात्पुरता सस्पेन्स अकाउंटला टाकतात. चूक सापडली की तिथून काढून ती जिथली तिथं घालायची. नाही सापडली तर फरक तिथंच राहतो. पण जुळत नाही म्हणून तो कुणा ग्राहकाच्या नावावर टाकत नाहीत. तसं करणाऱ्याला लबाड म्हणतात.

घरात आपण नेमकं हेच करतो. कारण सापडलं नाही की रक्कम कुणाच्या तरी नावावर टाकतो. आणि ते नाव बाईचंच असतं. जरा आठवून बघा, तुमच्या माहेरच्या, आजोळच्या जुन्या घराच्या भुताच्या गोष्टी. आडात पडलेली सून. बाळंतपणात गेलेली. लहानपणी विधवा झालेली. सावकारी केलेला, चार घरं बुडवलेला आजोबा कधी कुणाच्या माळ्यावर चालतो का? त्याचा फोटो सोप्यात हार घालून लावलेला असतो. मेलेल्या बाईच्या नावावर टाकून भागलं नाही की मग जिवंत बाईची पाळी. नवी सून असेल तर उत्तमच, तिचं खातं कोरं असतं.

भाताच्या वासाचं कारण १९९३ मध्ये सापडलं. पावसाळ्याआधी कौलं परतायला सुतार आला होता, म्हातारा माणूस, हातकणंगल्याकडचा. पोटमाळ्याच्या कोपऱ्यात त्याला बियांचे ढीग सापडले. चिकूच्या, जांभळाच्या बिया, पुंजक्या-पुंजक्यांनी. त्यानं मला वर बोलावलं, "वहिनी, वास घ्या." तोच वास! घनसाळचा, आधणातून नुकत्या काढलेल्या भाताचा. तो हसायला लागला. म्हणाला, उदमांजर आहे.

उदमांजर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल, नाव माहीत नसेल. मांजराएवढंच, करड्या-काळ्या रंगाचं, तोंडावर काळपट पट्टा, लांब शेपूट. दिवसा माळ्यावर झोपतं, रात्री बाहेर पडतं. उंदीर खातं, फळं तर फारच आवडीनं. त्याच्या शेपटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात आणि त्या गंधाला सुवासिक भातासारखा वास येतो. आपण साध्या तांदळाच्या भातात वासासाठी ते हिरवं बासमतीचं पान टाकतो ना, मलेशियात ह्या प्राण्याचं नावच त्या पानावरून पडलंय. मला तर निसर्गाची ही थट्टाच वाटते, की रात्रीभोजन न करणाऱ्यांच्या माळ्यावर यानं येऊन राहावं!

मी धावत खाली आले आणि सासूबाईंना सांगितलं. वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. त्यांनी ऐकून घेतलं, तांदूळ निवडत राहिल्या आणि म्हणाल्या, "असेल." अमावास्येला पत्रावळ पुन्हा आडाजवळ गेली.

त्याचं कारण त्यांनी मला शेवटच्या आजारात सांगितलं, २००१ मध्ये. मी त्यांना पेज भरवत होते. त्या म्हणाल्या, "काकीला आम्ही जेवू दिलं नाही गं." मी थांबले. त्या तुटक तुटक बोलत होत्या. घर मोठं, गडीमाणसं, दळण-कांडण, सगळं काकीच्या अंगावर. सगळ्यांची पानं झाली की तिनं जेवायचं. सुगीच्या दिवसांत तिचं पान मांडायच्या आत दिवस मावळायचा. मग धर्म आडवा यायचा. "आता कसं जेवणार, रात्र झाली." असं आठवड्यातून दोनदा-तीनदा. सासूबाई तेव्हा स्वतः नव्या सून होत्या, बोलायची छाती नव्हती. "एकदा मी लपवून तिला मूठभर भात दिला होता. तिनं घेतला नाही. म्हणाली, नेम मोडतो. नेम तिनं घेतलेलाच नव्हता."

मैत्रिणींनो, हे लिहावं की नाही यावर मी तीन दिवस विचार केला. रात्रीभोजनत्याग मी आयुष्यभर पाळत आले आणि माझ्या मुलींनीही पाळावा असं मला वाटतं. तो जीवदयेचा नेम आहे. पण एखाद्या बाईला कामाला जुंपून सूर्यास्त गाठायचा आणि मग तिला नेमाची आठवण करून द्यायची, हा त्याग नव्हे. सासूबाईंना भुताची भीती वाटत नव्हती. वाड्यातल्या सगळ्यांना काकीची भूक माहीत होती, आणि ती तोंडानं कबूल करता येत नव्हती, म्हणून वास तिच्या नावावर गेला. मांजर सापडल्यावरही पत्रावळ का थांबली नाही हे मला तेव्हा कळलं. ती थांबवायचा मी कधी आग्रह धरला नाही. चूक की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता शास्त्राचं. कारण मला माहीत आहे, वाचून काहीजणी म्हणतील, आपल्याच ग्रंथांत व्यंतर सांगितलेत, मग तुम्ही कसं नाकारता?

मी नाकारत नाही. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो, तेव्हा चौथ्या दिवशी आपण सगळ्याच किन्नर, किंपुरुषांपासून भूत, पिशाचापर्यंत व्यंतरांचे आठ भेद ऐकतो. पण दुसऱ्या दिवसाचं विसरतो. दुसऱ्या अध्यायात विग्रहगती आहे. जीव एक शरीर सोडून दुसरं जन्मस्थान गाठतो त्याला लागणारा वेळ फार तर चार समय. आणि समय म्हणजे केवढा? पापणी लवते तेवढ्यात असंख्यात समय होतात. म्हणजे काकींचा देह अंधाऱ्या खोलीत शांत झाला आणि रडणारीचा पदर डोळ्यांना लागायच्या आत त्या पुढच्या गतीला पोचल्यासुद्धा. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर अडकून राहणारा आत्मा आपल्या धर्मात बसतच नाही. ते आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचललेलं आहे.

एका चातुर्मासात मी आर्यिका माताजींना हे सगळं सांगितलं होतं, काकीच्या उपाशी राहण्यासकट. त्यांनी मला सहावा अध्याय दाखवला. देवायूच्या कारणांत अकामनिर्जराही सांगितली आहे. अकामनिर्जरा म्हणजे मनात नसताना, परस्वाधीन होऊन भूक-तहान सोसली, त्यातून झालेली निर्जरा. माताजी म्हणाल्या, तुमच्या काकींनी जर शांतपणे सोसलं असेल तर देवगती अशक्य नाही. मी म्हटलं, मग व्यंतर झाल्या असतील तर? त्या हसल्या. "झाल्या असल्या तरी देवांना कवलाहार नसतो. त्यांचा आहार मानसिक. भात शिजवायचं त्यांना कारणच नाही." इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

भीतीनं किंवा आशेनं कुणापुढंही डोकं टेकवणं याला समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात मूढता म्हटलंय. आपल्या बस्तीत पद्मावती, क्षेत्रपाल आहेत, त्यांना कसं मानायचं यावर आपल्यात जुना वाद आहे, तो आज इथं नको. पण नारळ फिरवणाऱ्याला अकरा हजार देणं कुठल्याच पंथात बसत नाही, एवढं तरी एकमत व्हायला हरकत नसावी.

बाकी आवाजांचं म्हणाल तर जुनं घर रात्री बोलतंच. दिवसा तापलेलं सागवान रात्री गार पडताना आखडतं आणि तुळईच्या सांध्यात कडाड वाजतं. नळाला पहाटे चारला पाणी सुटतं तेव्हा आधी पाइपातली हवा बाहेर पडते, ती हुबेहूब कण्हल्यासारखी. २०१९ च्या महापुरात वाड्यात छातीइतकं पाणी होतं. ओल्या मातीच्या भिंती पुढचं वर्षभर वाळत होत्या आणि तडकत होत्या. गव्हाणी घुबड तर माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहतं. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड, आणि घुत्कार न करता बाई किंचाळल्यासारखं ओरडतं. रात्री दिसलं तर माझीसुद्धा बोबडी वळेल. पेवाचंही असंच. हरिपूरची हळदीची पेवं ऐकून असाल. आमच्याकडे जोंधळ्याचं एक होतं. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेला गडी मेला की 'पेवानं बळी घेतला' म्हणत. बंद पेवातलं धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, तळाशी कार्बन डायऑक्साइड साठतो. जुने लोक आधी कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. भूत फुंकर घालतं म्हणायचे, पण उतरत नव्हते हे महत्त्वाचं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर माझाच हिशेब खोटा ठरेल.

१९८७ चा पावसाळा. आठवडाभर झड लागली होती. मी मुलींना घेऊन स्वयंपाकघरालगतच्या पडवीत झोपले होते. पहाटे केव्हातरी परड्यातून हाक आली. बाईचा आवाज, आणि हाक माझ्या माहेरच्या नावानं. लग्नात माझं नाव बदललं, सासरी ते जुनं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. आई आली की काय, असं झोपेत वाटलं. धाकटीला काखेत घेतलं, थोरलीला हाताला धरून मागच्या दारात आले. परड्यात कुणी नव्हतं. मी तशीच उभी, आणि मागं पडवीची भिंत आत कोसळली. आमच्या अंथरुणावर कंबरभर माती होती.

ओली भिंत पडायच्या आधी करकरते, त्या आवाजातून मेंदूनं ओळखीचं नाव बनवलं असेल, असं माझा मुलगा म्हणतो. असेल. पटण्यासारखं आहे. तरी तो आवाज मी ऐकलाय आणि त्यात करकर नव्हती. घरात तेव्हा सगळे म्हणाले, काकीनं वाचवलं. दोन वर्षांपूर्वी मला धरणारी काकी पुढं चार-सहा महिने मोठी मायाळू झाली होती! खरं सांगते, मलाही ती हाक काकींच्या नावावर जमा करावीशी वाटते. फार वाटते. पण तसं केलं तर मग पायथ्याची बाई आणि म्हैस आणि ब्लडप्रेशर नावे टाकणाऱ्यांना मी कुठल्या तोंडानं अडवू? ती हाक अजून सस्पेन्समध्येच आहे. अडतीस वर्षं झाली.

तर, फोन आल्यावर तिसऱ्या दिवशी मी वाड्यावर गेले. दिरांना आधी शांतपणे सांगितलं, मग जरा आवाज चढवून. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचंही सांगितलं. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं, औषधापासून अडवणं हा गुन्हा आहे. दीर म्हणाले, वहिनी, मारणार थोडंच होतो, नुसतं बसवणार होतो. मी म्हटलं, मलाही नुसतं बसवलंच होतं. ते गप्प झाले. त्यांना १९८५ आठवत असणार. बाळाचं पातळ दूध आणून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

दिवेलागणीच्या आधी सुनेला घेऊन मी पोटमाळ्याची शिडी चढले. माझे गुडघे आता त्या कामाचे नाहीत, पण चढले. वर दाराशी ती थबकली. "मोठ्या आई, काही म्हणायचं असतं का आत जाताना?" मी म्हटलं, बस्तीत जाताना काय म्हणतेस? तेच म्हण. मुनी गुहेत किंवा ओसाड घरात शिरताना तिथं राहणाऱ्या व्यंतरांना, जिवांना 'निःसही' म्हणून विचारून शिरतात आणि निघताना 'आसही' म्हणतात. तिनं तीनदा निःसही म्हटलं आणि मोबाइलचा उजेड आत टाकला.

कोपऱ्यात बियांचे ढीग होते, आणि जुन्या कणगीमागं उदमांजरी, दोन पिल्लांसह. आमच्याकडे बघून फिसकारली. आम्ही लगेच मागं फिरलो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला हात लावता येत नाही, आणि कायदा नसता तरी आपण लावला नसता. पिल्लं मोठी होऊन आपणहून निघून गेली की कौलांखालची फट जाळीनं बंद करायची, असं ठरलंय. तोवर भाताचा वास येणार. पोरीनं शिडी उतरता उतरता आठवणीनं आसही म्हटलं.

काल तिचा फोन होता. म्हणाली, वास चालू आहे, झोप लागते. दीर मात्र अजून कुरकुरतात. 'जाणकारा'नं आगाऊ घेतलेले अकरा हजार परत करायला नकार दिलाय. ते आता कुठल्या खात्याला टाकायचे हे त्यांनीच मला विचारलंय.